हजेरी न देणारा संगणक

उबुंटू लिनक्स टाकलेला एक पेनड्राइव्ह घ्या आणि दहा वेगवेगळ्या लॅपटॉपना लावून पाहा. कुणाचा प्रोसेसर इंटेलचा असेल, कुणाचा एएमडीचा. कुणाचा पडदा लहान, कुणाचा मोठा, एखादा लॅपटॉप दहा वर्षं जुना. तरीही बहुतेक सगळ्यांवर तो एकच पेनड्राइव्ह चालतो. कळफलक, पडदा, वायफाय सगळं जागच्या जागी सापडतं.

आता दुसरा प्रयोग. रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डातलं चालू मेमरी कार्ड काढा, बीगलबोन ब्लॅक या दुसऱ्या छोट्या बोर्डात घाला आणि त्या कार्डावरून बोर्ड सुरू करायला जा. दोन्ही बोर्ड तळहातावर मावणारे, दोन्हींचे प्रोसेसर आर्म घराण्यातले, दोन्हींवर लिनक्स उत्तम चालतं. पण इथे वीज पोहोचल्याचा दिवा लागतो आणि पुढे काहीच घडत नाही.

यंत्र जितकं लहान तितकं काम सोपं असायला हवं. मग मोठ्या लॅपटॉपला जे सहज जमतं ते या इवल्याशा बोर्डाला का जमू नये? लॅपटॉपमधले भाग स्वतःची ओळख सांगू शकतात, बोर्डावरचे बहुतेक भाग सांगू शकत नाहीत, हे या कोड्याचं उत्तर आहे. जे यंत्र सांगत नाही ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. म्हणूनच छोट्या बोर्डावर लिनक्स बसवणं आणि त्याची नीट नोंद ठेवणं ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत.

वर्गातली हजेरी

शाळेत बाई हजेरी घेतात. एकेक नाव पुकारतात आणि मुलं ‘हजर’ म्हणतात. लॅपटॉप सुरू होताना आत असंच काहीसं चालतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायॉस किंवा यूईएफआय नावाचा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. तो सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेल्या पद्धतीने यंत्र जागं करतो आणि सूत्रं लिनक्सकडे देतो. मग लिनक्स एकेका जागेला विचारतं, ‘इथे कोण आहे?’ ग्राफिक्स कार्ड, वायफाय कार्ड, यूएसबीला लावलेला माउस, प्रत्येकाकडे बनवणाऱ्या कंपनीचा आणि उपकरणाचा क्रमांक असतो. तो कळला की लिनक्स त्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, शोधून कामाला लावतं.

छोट्या बोर्डाचं हृदय असते एसओसी, म्हणजे एकाच चिपवर वसवलेली जवळजवळ सगळी यंत्रणा. प्रोसेसर, ग्राफिक्स, यूएसबी, सिरियल पोर्ट सगळं एका नखाएवढ्या तुकड्यात. अशा चिपा मुख्यतः मोबाइल फोन आणि टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्ससाठी वाढल्या. तिथे यंत्र एक आणि त्यात चालणारी प्रणालीही एकच, तीही बनवणाऱ्यानेच भरलेली. त्यामुळे आतल्या भागांनी ओळख सांगण्याची सोय करण्याची कुणाला गरज वाटली नाही. प्रत्येक भाग ठरलेल्या पत्त्यावर गप्प बसून असतो.

नव्या घरातला वीस बटणांचा स्विचबोर्ड आठवा, ज्यावर कुठलं बटण कशाचं हे लिहिलेलं नसतं. घरात आपण एकेक दाबून पाहतो आणि चुकलो तर फार तर भलताच पंखा फिरतो. चिपमध्ये चुकीच्या पत्त्यावर हात घातला तर अख्खं यंत्र जागीच थिजू शकतं. म्हणून तिथे चाचपडून चालत नाही, नकाशाच हवा.

चुलीसारखं पेटणारं यंत्र

नकाशा वापरला जाण्याआधी यंत्र जागं व्हावं लागतं. हे जागं होणं, म्हणजे बूट होणं, चूल पेटवण्यासारखं आहे. ओंडक्याला काडी लावून चूल पेटत नाही. काडीने काटक्या, काटक्यांनी गोवरी आणि गोवरीने लाकूड पेटतं.

बीगलबोन ब्लॅकचं उदाहरण घेऊ. २०१३ साली आलेला हा बोर्ड, १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम असलेला. वीज येताच चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालू होतो. त्याला बूट रॉम म्हणतात आणि तो आपल्याला बदलता येत नाही. ही आपली काडी. तिला एवढंच ठाऊक असतं की पुढचा प्रोग्राम कुठे कुठे शोधायचा: बोर्डावरच्या साठवणीत, मेमरी कार्डात, यूएसबीवर की सिरियल पोर्टवर.

रॅम ५१२ एमबी असली तरी या क्षणी ती निरुपयोगी असते. कारण रॅमची चिप वेगळी, तिची चाल वेगळी आणि ती आधी बसवून घ्यावी लागते. तोवर हाताशी असते ती एसओसीच्या पोटातली शे-सव्वाशे किलोबाइटची जागा. तिथे मावेल असा चिमुकला प्रोग्राम आधी येतो आणि रॅम तयार करतो. या काटक्या. बीगलबोनवर त्या फाइलचं नाव आहे ‘एमएलओ’.

रॅम तयार झाली की गोवरी येते, म्हणजे यू-बूट. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने नावारूपाला आणलेला हा मुक्त प्रोग्राम आज असंख्य बोर्डांवर चालतो. त्याचं काम लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणून ठेवणं आणि त्याच्या हाती सूत्रं देणं. कर्नल हे आपलं लाकूड. ते पेटलं की कर्नल कार्डावरची मुख्य फाइलव्यवस्था उघडतो, पहिला प्रोग्राम सुरू करतो आणि मग आपल्याला ओळखीचं लिनक्स दिसू लागतं.

रास्पबेरी पायची चूल वेगळ्या तोंडाने पेटते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेल्या पहिल्या पायमध्ये ७०० मेगाहर्ट्‌झचा आर्म प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि किंमत ३५ डॉलर होती. त्यात आधी जागा होतो ग्राफिक्सचा भाग आणि आर्म प्रोसेसर तोवर झोपलेला असतो. ग्राफिक्सचा भाग कार्डावरच्या ‘बूटकोड’ नावाच्या फाइलीपासून सुरुवात करतो, ‘कॉन्फिग’ फाइलीतल्या सूचना वाचतो, कर्नल रॅममध्ये ठेवतो आणि मग आर्मला उठवतो. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ पासून पहिली पायरी कार्डावरून उचलून बोर्डावरच्याच एका छोट्या चिपमध्ये ठेवली गेली.

आपलं कोडं इथे अर्धं सुटतं. पायचं कार्ड बीगलबोनमध्ये घातल्यावर बीगलबोनची काडी ‘एमएलओ’ शोधते आणि पायच्या कार्डावर ती फाइलच नसते. काटक्याच मिळाल्या नाहीत, तर चूल कशी पेटणार?

यंत्राने वाचायची नोंद

समजा, काटक्याही मिळाल्या आणि कर्नलही आला. तरी उरलेलं अर्धं कोडं शिल्लक राहतं: कुठला भाग कुठे आहे हे कर्नलला कोण सांगणार?

पूर्वी ही माहिती कर्नलच्या प्रोग्राममध्येच लिहिलेली असे. बोर्ड नवा आला की कर्नलमध्ये नवी फाइल. आर्म बोर्ड वाढत गेले तशा या फाइलींचा ढीग झाला. सारखंच काम थोड्याथोड्या फरकाने पुन्हा पुन्हा लिहिलं जाऊ लागलं. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर आर्मच्या दुनियेने एक जुनी कल्पना नेटाने स्वीकारली. सन आणि पॉवरपीसी यंत्रांवर ती आधीपासून रुळलेली होती. तिचं नाव डिव्हाइस ट्री, उपकरणांचा वंशवृक्ष म्हणा हवं तर.

डिव्हाइस ट्री म्हणजे प्रोग्राम नव्हे. तो बोर्डाचा लेखी नकाशा आहे. त्यातल्या एका नोंदीचा अर्थ साधारण असा असतो: ‘या पत्त्यावर सिरियल पोर्ट आहे. तो अमुक जातीचा आहे. त्याला लक्ष वेधायचं असेल तेव्हा तो अमुक क्रमांकाची तार हलवेल. तो चालू ठेवा.’ माणूस ही नोंद साध्या मजकुरात लिहितो. मग तिचं यंत्राला वाचता येईल असं आटोपशीर रूप केलं जातं आणि यू-बूटसारखा प्रोग्राम ते कर्नलच्या हाती देतो. कर्नल जात पाहतो आणि जुळणारा ड्रायव्हर लावतो. स्विचबोर्डावर कुणीतरी अखेर चिठ्ठ्या चिकटवल्या, असं समजा.

यामुळे एकच कर्नल अनेक बोर्डांवर चालू लागला. बोर्ड बदलला की फक्त नकाशा बदलायचा. बीगलबोनच्या मंडळींनी याच्याही पुढे जाऊन बोर्डावर एक छोटी चिप ठेवली आणि तिच्यात बोर्डाचं नाव व आवृत्ती लिहून ठेवली. यू-बूट ती वाचतो आणि योग्य तो नकाशा निवडतो. रास्पबेरी पायनेही २०१४ मध्ये वर बसवायच्या जोडबोर्डांसाठी अशीच सोय ठरवली. अशा प्रत्येक जोडबोर्डावर त्याची ओळख लिहिलेली चिप असते. हजेरी न देणाऱ्या मुलाच्या खिशात नावाची चिठ्ठी ठेवावी, तसंच हे.

कार्डावर लिनक्स चढवताना

बोर्डासाठी लिनक्स मिळतं ते ‘इमेज’ या एका मोठ्या फाइलीच्या रूपात. नवशिके ती फाइल उतरवून घेतात, सरळ कार्डावर कॉपी करतात आणि बोर्ड सुरू होत नाही म्हणून हैराण होतात. मोकळ्या भूखंडावर घराचा नकाशा नेऊन ठेवला म्हणून घर उभं राहत नाही. इमेजमध्ये अख्ख्या कार्डाची रचना असते: कुठून कुठपर्यंत कुठला कप्पा आणि त्या कप्प्यांत काय. ती पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी कार्डावर उमटवावी लागते. रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर हे प्रोग्राम तेच करतात.

त्याआधी फाइल पूर्ण आणि शुद्ध उतरली आहे ना, हे तपासा. इमेजसोबत बहुधा ६४ अक्षरांची एक खूण दिलेली असते. तिला शा-२५६ म्हणतात. उतरवलेल्या फाइलीवरून आपल्या संगणकाला तीच खूण काढायला सांगा. फाइलीत एक बाइट जरी वेगळा असला तरी खूण पार बदलते. दोन मिनिटांच्या या तपासणीने पुढची कित्येक तासांची शोधाशोध वाचते.

लिनक्सवर ‘डीडी’ ही आज्ञा वापरून इमेज लिहिणार असाल तर फार जपून. ती कुठलाही प्रश्न न विचारता सांगितलेल्या जागी लिहिते. कार्डाऐवजी चुकून संगणकाच्या डिस्कचं नाव दिलं तर डिस्कवरची माहिती पुसली जाते. कार्ड लावण्याआधी आणि लावल्यानंतर डिस्कची यादी पाहा. जे नाव नव्याने दिसेल तेच कार्ड.

इमेज लिहून झाल्यावर विंडोजमध्ये ३२ जीबीचं कार्ड एकदम काहीशे एमबीचं दिसतं आणि विंडोज विचारतं, ‘फॉरमॅट करायचं का?’ ‘नको’ म्हणा. कार्ड बिघडलेलं नाही. पायच्या इमेजमध्ये दोन कप्पे असतात. सुरुवातीचा लहान कप्पा फॅट या सर्वांना वाचता येणाऱ्या पद्धतीचा असतो, कारण बोर्डाच्या काडीलाही तेवढंच वाचता येतं. दुसरा मोठा कप्पा लिनक्सच्या पद्धतीचा असतो आणि विंडोजला तो उमगत नाही. पहिल्यांदा सुरू होताना रास्पबेरी पाय ओएस हा दुसरा कप्पा वाढवून उरलेलं सगळं कार्ड व्यापतं.

पडदा काळा असताना

सगळं करूनही पडदा काळाच राहिला तर? चुलीच्या क्रमात पडद्याचा नंबर बराच उशिरा येतो. बीगलबोनसारख्या बोर्डावर काटक्या ओल्या निघाल्या तर पडद्यापर्यंत काही पोहोचतच नाही. त्याआधी ऐकू येतो तो सिरियल कन्सोल: आपल्या संगणकाला लावलेल्या सिरियल केबलच्या तीन तारांवरून बोर्ड जे पुटपुटतो ते. एक तार जमिनीची, म्हणजे ग्राउंड, एक बोर्डाने बोलायची आणि एक ऐकायची. बोर्डाची बोलायची पिन केबलच्या ऐकायच्या टोकाला जोडायची, कारण एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशीच हवं. रास्पबेरी पायवर या पिना क्रमाने ६, ८ आणि १० आहेत. पायच्या अनेक मॉडेलवर हा कन्सोल आधी कॉन्फिग फाइलीतून चालू करावा लागतो. नेहमीचा वेग ११५२०० बिट प्रतिसेकंद. एका अक्षराला पुढची-मागची खूण धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं.

एक सावधगिरी मात्र घ्याच. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टची केबल किंवा जुन्या संगणकाचा सिरियल पोर्ट थेट जोडला तर चिप जळू शकते. केबल घेताना तिच्यावरचा व्होल्टेजचा आकडा वाचून घ्या.

कन्सोल जोडला की बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. यू-बूटची ओळ दिसली आणि पुढे शांतता पसरली तर कर्नल किंवा नकाशा तपासा. कर्नलच्या ओळी आल्या आणि ‘रूट फाइलव्यवस्था उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबल्या तर दुसरा कप्पा किंवा त्याचं नाव चुकलं आहे. अंदाज बांधत बसण्याऐवजी बोट ठेवता येतं.

वीज आणि घड्याळ

बोर्ड मध्येच बंद पडत असेल तर आधी चार्जर पाहा. रास्पबेरी पायला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेची खूण दिसते. फोनचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल हे त्याचं नेहमीचं कारण. चालू असताना वीज गेली तर कार्डावर अर्धवट लिहिलेली माहिती बिघडू शकते. म्हणून बंद करण्याची आज्ञा देऊन, बोर्ड थांबल्यावरच तार काढावी आणि वीज वारंवार जाणाऱ्या जागी बॅटरीचा आधार द्यावा.

घड्याळाची गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत बंद असताना चालणारं घड्याळ नव्हतं. इंटरनेट नसेल तर बोर्ड बंद होतानाचीच वेळ धरून पुन्हा उठतो. मग नोंदींवर चुकीची तारीख पडते. पुढे इंटरनेट आलं तरी घड्याळ जुळेपर्यंत सुरक्षित संकेतस्थळं नाकारली जातात, कारण बोर्डाच्या हिशेबी त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते.

माणसाने वाचायची नोंद

माझ्या खणात एकदा दोन कार्डं सापडली. दोन्हींवर माझ्याच अक्षरात ‘चालू’ असं लिहिलेलं होतं. कुठल्या बोर्डावर चालू, कुठली इमेज, काय बदललं होतं, काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दोन आठवडे खपून केलेलं काम मला पहिल्यापासून करावं लागलं. त्या दिवसापासून मी बोर्डाशेजारी वही ठेवतो आणि काम करता करताच लिहितो. संध्याकाळी आठवून लिहिलं की जी पायरी हाताने सहज झालेली असते तीच नेमकी गळते.

पाककृतीत ‘मीठ चवीपुरतं’ चालतं, कारण चाखून पाहता येतं. ‘योग्य ती सेटिंग करा’ हे वाक्य मात्र वाचणाऱ्याला काहीच देत नाही. कुठल्या फाइलीत, कुठल्या ओळीवर, आधी काय होतं आणि आता काय आहे, तेच हवं. ‘का’ हेही हवं, कारण ते ठाऊक नसेल तर पुढचा माणूस ती ओळ काढायलाही घाबरतो आणि ठेवायलाही. फसलेले प्रयत्नही लिहा. ‘ही केबल चालत नाही’ या एका ओळीने दुसऱ्याचा एक अख्खा रविवार वाचतो.

नोंद चांगली आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. ती नवख्या माणसाच्या हाती द्यायची आणि आपण गप्प बसायचं. तो जिथे अडतो तिथे नोंद अपुरी आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे तयार होतात. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते ऐकता येतात. तिथे धड्याची संहिता ध्वनिमुद्रणाआधी नवख्याकडून तपासून घेतात. घरच्या वहीलाही हीच कसोटी पुरेशी आहे. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा ती वाचून बोर्ड सुरू करू शकला, तर वही पास.

चौकट: वहीत काय असावं

• बोर्डाचं नाव आणि त्याच्यावर छापलेली आवृत्ती
• इमेजचं पूर्ण नाव, तारीख आणि शा-२५६ खूण
• चार्जरचे व्होल्ट व अँपिअर. सिरियल केबल कुठल्या पिनांना आणि कुठल्या रंगाच्या तारांनी जोडली
• बदललेली प्रत्येक फाइल: आधीची ओळ, नवी ओळ, कारण, तारीख
• सगळं सुरळीत चालू असतानाचा कन्सोलवरचा संपूर्ण मजकूर. ठणठणीत असतानाचा रक्तदाब ठाऊक असला की आजारपणात तुलना करता येते, तसंच हेही
• काय फसलं आणि कशाने सुटलं

रिकाम्या बोर्डाचं पहिलं अक्षर

डिव्हाइस ट्री आणि ही वही एकाच जातीच्या आहेत. एक यंत्राने वाचायची, दुसरी माणसाने. दोन्हींच्या मुळाशी एकच गरज आहे: वस्तू स्वतः सांगत नाही ते ज्याला माहीत आहे त्याने लिहून ठेवावं.

बीगलबोन ब्लॅकमध्ये काहीच नसेल, साठवण रिकामी, कार्ड नाही, तरी सिरियल कन्सोल जोडून वीज द्या. थोड्या वेळाने आपल्या संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी ‘सी’ हे अक्षर उमटतं. मग पुन्हा ‘सी’, आणि पुन्हा. फाइल पाठवण्याच्या एका जुन्या पद्धतीत त्या अक्षराचा अर्थ आहे, ‘मी घ्यायला तयार आहे, पाठवा.’ साठवणीत आणि कार्डात काही सापडलं नाही की चिपमधली ती काडी बाहेरच्या माणसाला हाक मारते. स्वतःविषयी काहीही न सांगू शकणारं हे यंत्र सांगेल ते ऐकायला मात्र तयार असतं. ते सांगणं आधी आपल्याकडे नीट लिहिलेलं हवं.